इशारा वेशीपर्यंत येतो, वस्तीपर्यंत का येत नाही?

वाशिम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरील गाव. शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा. निंदणाला, सोंगणीला जाणारी माणसे सकाळी घर सोडतात ती दिवस मावळताना परततात. आभाळ फिरले, विजा कडाडू लागल्या तर थांबायचे कुठे, हा त्यांच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात वीज पडून 2887 माणसे मेली. वीज कचेरीत बसणाऱ्यावर क्वचितच पडते. ती पडते उघड्या रानात राबणाऱ्यावर. म्हणूनच हवामानाचा इशारा हा आम्ही हक्काचा प्रश्न मानतो.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी वादळात एक जुने कडुनिंबाचे झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि आडोशाला थांबलेली सात माणसे दगावली. अशा वेळी अर्ध्या तासाची पूर्वसूचनाही मोलाची असते. ती देण्याचे शास्त्र आज आपल्याकडे आहे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भाचा जिल्हावार अंदाज देते. वादळ, वीज, गारपीट यांसाठी पुढील तीन तासांपुरता तात्कालिक अंदाजही दिला जातो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा, असे रंगही ठरले आहेत. मग अडते कुठे?

अडते ते शेवटच्या माणसापर्यंत पोचण्यात. मोबाईलवर 'दामिनी' ॲप आहे हे खरे. पण ते चालायला स्मार्टफोन हवा, नेटवर्क हवे, चार्जिंग हवे. वादळात आधी वीज जाते, मग टॉवर बंद पडतो. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ बोलत राहतो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल 2023 मध्ये मोबाईल कंपन्यांना एफएम रेडिओची सोय बंद न ठेवण्याची सूचना केली, ती याच कारणासाठी.

परंतु रेडिओने बोलायचे तरी कसे? "विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता" हे वाक्य ऐकून जऊळक्याच्या मजूर बाईने काय समजावे? हवामान खात्याच्या परिभाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातील फार तर पाव केंद्रांवर. हा अर्थ तिला कोणी सांगितलेला नाही. तिला हवे ते वेगळेच. कोणत्या तालुक्यात, किती वाजेपर्यंत, आणि आम्ही काय करायचे? झाडाखाली थांबू नका, पत्र्याच्या शेडखाली थांबू नका, बैल झाडाला बांधू नका, पक्क्या घरात जा. हे वऱ्हाडी बोलीत, पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. धोका टळला की तेही सांगितले पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी लोक विश्वास ठेवणार नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. तीन तासांचा इशारा ठरलेल्या बातमीपत्राची वाट पाहू शकत नाही. गाणे चालू असो की भाषण, ते थांबवून इशारा दिला पाहिजे. त्यासाठी स्टुडिओत जिवंत माणूस हवा. अमेरिकेतील मायनॉट शहरात जानेवारी 2002 मध्ये मध्यरात्री रेल्वे घसरून अमोनिया वायू पसरला. पोलिसांनी स्थानिक रेडिओशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, पण वेळेवर कोणी भेटेना. यंत्रावर कार्यक्रम सुरू होता. आपल्याकडेही स्थानिक केंद्रांचे तास मुंबई-दिल्लीच्या सहक्षेपणाने भरले तर वाशिमच्या गारपिटीची वर्दी कोण देणार?

कायदा याबाबत मुका नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 67 प्रमाणे राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या शिफारशीवरून शासन प्रसारमाध्यमांना इशारा देण्याचे निर्देश देऊ शकते, आणि ते पाळणे माध्यमांना बंधनकारक आहे. कलम 61 म्हणते की मदत व भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांतही वेगळे काढले गेले, हा अनुभव ताजा असतानाच हा कायदा आला. आमचे म्हणणे असे की जे तत्त्व मदतीला लागू, ते इशाऱ्याला आधी लागू झाले पाहिजे. माणूस मेल्यावर चार लाखांचा धनादेश देण्यापेक्षा तो जिवंत राहील अशी तजवीज करणे, हे कल्याणकारी राज्याचे पहिले काम आहे.

इतिहासाचाही एक विरोधाभास येथे लक्षात घेतला पाहिजे. गावगाड्यात निरोप पोचविणे, दवंडी देणे ही कामे महारकीत मोडत. साऱ्या गावाला वर्दी आमच्या पूर्वजांच्या पायांनी पोचली, तीही बिनमोल वेठीने. बाबासाहेबांनी त्या गुलामगिरीविरुद्ध 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ज्यांनी गावाला सावध केले, त्यांचीच लेकरे आज इशाऱ्याविना रानात राहावीत काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रांनी कार्यक्रम थांबवून तालुक्याच्या नावासह इशारा द्यावा. जिल्हा प्राधिकरणाने तो ग्रामपंचायत, शाळा आणि बुद्धविहार यांच्या ध्वनिक्षेपकांवरूनही जाईल अशी साखळी उभारावी. आणि कार्यकर्त्यांनी केवळ निवेदने देऊन थांबू नये. माहितीच्या अधिकाराखाली जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारावे: गेल्या हंगामात किती इशारे आले, कोणत्या रेडिओ केंद्राला किती वाजता कळविले आणि ते किती वाजता प्रसारित झाले? उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. दोन वेळांमधले अंतर कागदावर आले की कोण झोपले होते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.