आपला गोलंदाज कोणाचा?

पोळा होऊन गेला कीं पांढरकवड्याच्या बाजारांत दोनच गोष्टींचा खल सुरू होतो. एक, यंदा कापसास काय भाव फुटणार. आणि दुसरी, विदर्भाच्या संघांत यंदा नवा चेंडू कोण टाकणार. पहिल्या प्रश्नावर बोलतांना माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि दुसऱ्यावर बोलतांना त्यांच्या डोळ्यांत चमक येते. गंमत अशी कीं माणसें बहुधा तींच असतात. रणजी करंडकाच्या सामन्यांस ऑक्टोबरांत आरंभ होतो. त्यापूर्वींचे हे पांचसहा आठवडे म्हणजे कंड्या पिकण्याचा खरा हंगाम. अमका नागपूर सोडून पुण्याकडे चालला, तमक्याला बडोद्याहून बोलावणें आलें, फलाण्याचा खांदा दुखावला असून घरचे लोक तें लपवीत आहेत! "काय गुरुजी, उमेश खेळून रायला का यंदा?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर आम्हांस इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, नागपुरास आपलें कांहीं वजन असावें असा आमचा आम्हांसच संशय येऊं लागला.

ह्या आपलेपणास एक भौगोलिक आधारही आहे. ज्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर आमचें गांव वसलें आहे, तोच रस्ता उत्तरेस सुमारें दीडशें किलोमीटर गेल्यावर, नागपूर शहर लागण्यापूर्वीं, जामठ्याच्या मैदानाजवळून जातो. २००८ च्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्या मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. रस्ता आपला, म्हणून मैदान आपलें, आणि मैदानावरचा गोलंदाजही आपला, अशी ही सरळ विचारसरणी आहे.

हा छंद एकट्या वऱ्हाडाचा मात्र नव्हे. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा जो खेळ आहे, त्याचे संघ फेब्रुवारीच्या मध्यास फ्लॉरिडा व ॲरिझोना ह्या उबदार प्रांतांत सरावासाठीं जमतात. तेथें प्रघात असा कीं, चेंडू फेकणारे आणि तो झेलणारे गडी इतरांच्या आधींच हजर व्हावयाचे. अर्थात् साऱ्या रसिकांचे डोळेही प्रथम त्यांच्याच हाताकडे लागतात. तेथें खेळाडूंची अदलाबदल व विक्री उघडपणें होते. १९१९ सालच्या अखेरीस बोस्टनच्या संघानें बेब रूथ हा आपला खेळाडू न्यूयॉर्कच्या संघास एक लाख डॉलरांना विकला. हा रूथ पुढें फटकेबाज म्हणून गाजला, परंतु बोस्टनमध्यें त्यानें नांव काढलें तें डाव्या हाताचा चेंडूफेक्या म्हणून. बोस्टननें १९१८ सालीं अजिंक्यपद मिळविलें होतें, तें पुन्हा त्यांच्या हातीं आलें २००४ सालीं. मधल्या ८६ वर्षांत तेथील आजोबांनीं नातवंडांना त्या विक्रीची कहाणी किती वेळां सांगितली असेल, ह्याची वाचकांनींच कल्पना करावी.

आमच्याकडेही अशी एक जुनी कहाणी आहे. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालीं नागपुरांत झाला. १९२३ सालीं तुकोजीराव होळकर महाराजांनीं त्यांना इंदुरास बोलावून आपल्या पदरीं ठेवलें. १९३२ सालीं हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यांत नेतृत्व केलें तें ह्याच नागपूरच्या सुपुत्रानें. परंतु रणजी करंडक चार वेळां मिळविला तो होळकर संघानें! विदर्भाचा स्वतंत्र संघ ह्या स्पर्धेंत उतरला १९५७-५८ च्या हंगामांत, आणि पुढें बराच काळ त्याचें काम दुसऱ्यांची सरासरी वाढविण्याचें होतें, असें म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाहीं. प्रशांत वैद्य हा नागपूरचा जलद गोलंदाज १९९५ सालीं भारताच्या एकदिवसीय संघांत पोंचला, तोही मध्यंतरीं बंगालकडून खेळून.

म्हणूनच उमेश यादवच्या नांवाची एवढी मातबरी. त्याचे वडील कोळशाच्या खाणींत कामाला होते. पोलिसांतील शिपायाची नोकरी मिळावी म्हणून त्यानें खटपट केली, ती साधली नाहीं. वयाची विशी जवळ येईपर्यंत तो रबरी चेंडूनेंच खेळत होता. २००८ सालीं त्याला विदर्भाच्या संघांत स्थान मिळालें आणि तीनच वर्षांनीं, २०११ सालीं, तो दिल्लीस भारतातर्फे कसोटी खेळला. विदर्भाच्या संघांतून कसोटीपर्यंत पोंचलेला तो पहिलाच खेळाडू. ५७ कसोटींत त्यानें १७० गडी बाद केले. हे दोन आकडे आमच्या गांवांतील पोरांना शाळेच्या पाढ्यांपेक्षां अधिक चांगले पाठ आहेत.

पण खरा चमत्कार घडला तो २०१७-१८ च्या हंगामांत. फैज फजल कर्णधार, मुंबईचे चंद्रकांत पंडित शिक्षक, आणि मुंबईचाच वसीम जाफर पाहुणा खेळाडू म्हणून संघांत. कोलकात्यास उपांत्य सामन्यांत कर्नाटकास विजयासाठीं १९८ धांवा हव्या होत्या. रजनीश गुरबाणी ह्या तरुण जलद गोलंदाजानें ६८ धांवांत ७ गडी टिपले आणि कर्नाटकाचा डाव १९२ वर आटोपला. अवघ्या ५ धांवांनीं विजय! त्या दिवशीं सकाळीं आमच्या बाजारपेठेंतील तराजू कांहीं काळ स्तब्ध होते, असें आम्ही स्वतः पाहिलें आहे. पुढें दिल्लीविरुद्ध अंतिम सामना झाला, त्यांत गुरबाणीनें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गड्यांचे त्रिफळे उडविले. रणजीच्या अंतिम सामन्यांत हा पराक्रम तत्पूर्वीं एकट्या कल्याणसुंदरम यांनीं, १९७२-७३ सालीं, तामिळनाडूकडून केला होता. त्या तिघांतील तिसरा होता ध्रुव शौरी, १४५ धांवा काढून ठाण मांडून बसलेला. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें ९ गडी राखून करंडक जिंकला, आणि तोही कोठें, तर इंदुरास, होळकरांच्याच नांवाच्या मैदानावर! १९२३ चें देणें असें फिटलें.

आतां पुढची कथा ऐकावी. २०२३ सालीं तोच ध्रुव शौरी दिल्ली सोडून विदर्भाकडे आला. कोलकात्याच्या त्या सामन्यांत आमच्याविरुद्ध शतक ठोकणारा करुण नायरही त्याच वर्षीं कर्नाटकाहून येथें आला. २०२५ च्या मार्चमध्यें जामठ्यास केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यांत पहिल्या डावाच्या ३७ धांवांच्या आघाडीवर विदर्भानें तिसऱ्यांदा करंडक घेतला, त्यांत नायरच्या ८६ व १३५ धांवांचा मोठा वांटा होता. त्या हंगामांत नागपूरच्या हर्ष दुबेनें डावखुऱ्या फिरकीवर ६९ गडी बाद करून उच्चांक केला तो निराळाच. आणि गुरबाणी? तो २०२४ सालीं महाराष्ट्राच्या संघांत गेला. नायरही २०२५ सालीं पुन्हा कर्नाटकास परतला, आणि अमरावतीच्या जितेश शर्मानें त्याच वर्षीं बडोद्याची वाट धरली.

टपरीवर ह्या तिघांचा न्याय निराळा होतो. नायर गेला तेव्हां "पाहुणा होता, गेला" असें म्हणून लोकांनीं चहा मागविला. गुरबाणीच्या वेळीं मात्र "कृतघ्न" हा शब्द आमच्या कानांवर आला. आम्हांस तो शब्द खपला नाहीं. नियमानें संघास बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू घेतां येतात, आणि ना-हरकत पत्र घेऊन खेळाडूस जातांही येतें. जाफर, शौरी, नायर आले तेव्हां मुंबई, दिल्ली व बंगळूर येथील टपऱ्यांवर कोणी आपल्याविषयीं काय बोललें असेल, ह्याचा विचार आपण केला होता काय? शिवाय २०२१ सालीं ठरलेल्या दरानुसार अकरांत खेळणाऱ्यास अनुभवाप्रमाणें दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात, आणि राखीव बसणाऱ्यास त्याच्या निम्मे. जलद गोलंदाजाचीं उमेदीचीं वर्षें तीं किती! तीं बांकावर बसून काढ, असें त्याला सांगण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

हें सारें लिहिण्यास एक निमित्त घडलें. आमच्या एका स्नेह्यांचा सोळा वर्षांचा मुलगा जलद गोलंदाजी करतो. वर्ध्याचा दर्शन नळकांडे ह्यानें २०२१ सालीं कर्नाटकाविरुद्ध चार चेंडूंत चार गडी बाद केले. तेव्हांपासून ह्या मुलानें ध्यास घेतला आहे. काळ्या मातीचें मैदान पावसांत फुगतें आणि वाळलें कीं भेगाळतें, म्हणून तो शाळेमागील सिमेंटच्या पट्टीवर चटई टाकून तासन्‌तास चेंडू टाकीत असतो. गेल्या महिन्यांत वहिनी वाण्याकडे गेल्या असतां तेथें त्यांना कळलें कीं, आपला मुलगा नागपूरच्या एका क्लबनें घेतला असून दिवाळीनंतर तो तिकडेच राहावयास जाणार! घरांत तोंवर अशी चर्चासुद्धां झालेली नव्हती. वहिनींनीं सामानाची पिशवी तेथेंच ठेवली आणि त्या तडक आमच्याकडे आल्या. "भावजी, आमच्या मुलाचा सौदा गांवानें केला, आणि आईला तो वाण्यानें सांगावा?" असें म्हणतांना त्यांचा आवाज कांपत होता.

कंडीच्या मुळाशीं एवढेंच होतें कीं, नागपूरच्या एका शिक्षकांनीं मुलाची गोलंदाजी पाहून चांचणीस पाठवा, असें सुचविलें होतें. मुलानें तें घरीं सांगितलें नव्हतें, कारण त्याची कंबर पंधरा दिवस दुखत होती आणि तेंही त्यानें सांगितलें नव्हतें. वाढत्या वयांत अति गोलंदाजीनें मणक्यास बारीक चीर जाते, हें त्याच्या वडिलांना ठाऊक नव्हतें. आम्हांसही अलीकडेच कळलें. डॉक्टरांनीं छायाचित्र काढविलें. चीर नव्हती, परंतु सहा आठवडे चेंडूस हात लावूं नये, अशी ताकीद मिळाली. वडील म्हणाले, हा नादच सोडावा. आजी म्हणाल्या, पोरानें दुखणें लपविलें तें आपण ऐकून घेत नाहीं म्हणून. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस एकच विचारलें, "तो गुरबाणी इंजिनियर आहे म्हणतात, तें खरें काय?" खरें आहे, त्यानें स्थापत्याची पदवी घेतली आहे, असें आम्ही सांगितलें. त्यावर ठरलें तें असें : चांचणीस जावें, परंतु कंबर बरी झाल्यावर, नागपुरास मावशीकडे राहावें, आणि बारावी होईपर्यंत शाळेचें नांव काढूं नये.

मुलगा तूर्त सायंकाळीं सतरंजीवर पाठीचे व्यायाम करतो आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारतो. काल टपरीवाल्यानें आम्हांस हटकलें, "गुरुजी, पोट्टं गेलं का नागपुराले?" "अजून तेवीस दिवस आहेत," आम्ही म्हणालों, आणि चहाचे पैसे देऊन निघालों.