हळद लावली, कोंबडी बरी झाली. मग हळदीनेच बरी झाली का?

समजा, तुम्ही संशोधनाचा विषय शोधत श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीला पोचलात. एका घरामागे खुराडं आहे, त्यात दहा गावठी कोंबड्या. पावसाळा सरत आलाय, डास वाढलेत आणि कोंबड्यांच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड आलेत. घरातल्या काकू हळद कडुनिंबाच्या तेलात कालवून लावतात. तीन आठवड्यांत दहापैकी नऊ कोंबड्या ठणठणीत. तुम्ही वहीत लिहिता, ‘उपाय ९० टक्के यशस्वी’.

थांबा. हे वाक्य लिहिण्याइतका पुरावा तुमच्याकडे अजून नाही.

हा आजार म्हणजे कोंबड्यांची देवी. तो विषाणूमुळे होतो आणि डासांमार्फतही पसरतो. फोड फक्त कातडीवर असतील तर बहुतेक कोंबड्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात, खपल्या धरून गळून पडतात. (तोंडात-घशात फोड आले तर मात्र जीव जाऊ शकतो.) आता काहीही न लावलेल्या दहा कोंबड्यांमधल्याही नऊ बऱ्या झाल्या असत्या, तर हळदीचा वाटा किती? शून्य.

याचा अर्थ काकू चुकल्या असा नाही. हळदीमुळे खपली लवकर गळत असेल, जखमेत दुसरे जंतू वाढत नसतील. पण ते तुलनेशिवाय कळणार नाही. तुलना करताना चार गोष्टी सांभाळायच्या :

१. कोणत्या कोंबडीला उपाय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर आपण नकळत धडधाकट कोंबडी निवडतो.

२. ‘बरी झाली’ म्हणजे काय ते आधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, शेवटची खपली किती दिवसांनी गळली.

३. कोंबडी तपासणाऱ्याला ती कोणत्या गटातली हे माहीत नसावं. हळदीचा पिवळा रंग इथे घात करतो, म्हणून दुसऱ्या गटालाही तसाच रंग असलेलं साधं तेल लावावं लागेल.

४. चिमूटभर हे माप नाही. ग्रॅममध्ये वजन करा.

आणि हो, प्राण्यांवर प्रयोग करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते.

‘एवढा काथ्याकूट कशाला, हळदीने नुकसान तर नाही ना?’ असं तुम्ही विचाराल. नुकसान पुढच्या आजारात होतं. देवीत हळद ‘चालली’ म्हणून तीच हळद, लसूण, तुळस राणीखेत म्हणजे मानमोडीतही दिली जाते. त्यात कोंबडी धापा टाकते, हिरवट हगते, मान वाकडी होते. विषाणू जहाल असेल तर लस न दिलेलं जवळजवळ सगळं खुराडं रिकामं होऊ शकतं. या विषाणूवर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. देवीतल्या खोट्या यशावर विसंबून ही लस राहून गेली, तर काकूंचा अंड्यांचा पैसा बुडतो. त्या नुकसानीत तुमच्या वहीतल्या त्या ‘९० टक्क्यां’चाही हात असतो.

प्रयोगशाळेतल्या निकालालाही हाच नियम लावा. काचेच्या बशीत कर्क्युमिनने जंतू मेले म्हणून ते कोंबडीच्या पोटातून रक्तात पुरेसं पोचतं असं नाही. ते फार कमी शोषलं जातं.

सगळेच घरगुती उपाय असे डळमळीत नसतात. रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी ओलसर, उबदार जागी पक्व होतात, त्यामुळे खुराडं कोरडं ठेवणं हा पक्का आधार असलेला उपाय आहे. मात्र कोंबड्या एकाएकी पटापट मेल्या तर उपाय शोधत बसू नका. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नंदुरबारमधल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, हे विसरू नका.

पुढच्या वेळी कुणी ‘आमच्याकडे गुण येतो’ म्हणालं तर हसू नका आणि लगेच मान्यही करू नका. एवढंच विचारा, ‘ज्यांना दिलं नाही, त्यांचं काय झालं?’ तुमच्या संशोधनाचा पहिला प्रश्न तोच.