मिठागरातून निसटणारे पाणी

उरण किंवा वसईच्या बाजूची मिठागरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतले जाते, उन्हाने ते आटते आणि मीठ मागे राहते. वाफ होऊन गेलेल्या पाण्यात मात्र मिठाचा अंशही नसतो. ते संपूर्ण गोडे असते. (‘गोडे पाणी’ या प्रयोगात साखरेचा संबंध नाही, येथे ‘गोडे’ म्हणजे केवळ ‘खारे नसलेले’.) मिठागरात जे निसटू दिले जाते, तेच अडवून धरण्याच्या क्रियेला सौर ऊर्ध्वपातन म्हणतात.

त्यासाठी लागणारी रचना अगदी साधी आहे. काळा रंग दिलेल्या उथळ टाकीत खारे पाणी भरतात आणि वर काचेचे उतरते, हवाबंद छप्पर बसवतात. ऊन काचेतून आत शिरते, काळा तळ ते शोषतो, पाणी तापते. वाफ वर जाऊन तुलनेने थंड काचेला लागते, तिचे पुन्हा पाणी होते आणि ते उतारावरून कडेच्या पन्हळीत जमा होते. काचेऐवजी साधे प्लास्टिक वापरले, तर पाण्याचे सुटे थेंब बनून ते पुन्हा टाकीत टपकतात. काचेवर मात्र पाण्याचा पातळ थर पसरतो आणि ओघळत खाली येतो.

इतके सोपे असूनही किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात अशा टाक्या का दिसत नाहीत? याचे उत्तर ‘अप्रकट उष्मा’ या संज्ञेत आहे. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत तापवायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. पण त्याची पूर्ण वाफ करायला आणखी सुमारे २२५० किलोज्यूल. ही उष्णता तापमापकात दिसत नाही, म्हणून ती ‘अप्रकट’. परिभाषा घडवणाऱ्याने येथे फार नेमका शब्द निवडला आहे. टाकीतले पाणी उकळत नाही, ते कमी तापमानाला वाफ होते. तेव्हा ही गरज किंचित अधिकच, लिटरला सुमारे २४०० किलोज्यूल भरते.

आता हिशेब करू. चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर अंदाजे २०,००० किलोज्यूल ऊर्जा पडते. तिचा कणही वाया गेला नाही, तरी पाणी मिळेल आठ लिटरांच्या आसपास. प्रत्यक्षात परावर्तन, गळती आणि काचेतून बाहेर जाणारी उष्णता वजा जाता तीन ते पाच लिटर हाती येतात. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्या-रांधण्यापुरते वीस लिटर हवे असतील, तर पाच-सहा चौरस मीटर काच लागेल. अंघोळ, धुणे आणि शेती यांचा विचारच नको.

हा हिशेब कागदी नाही. आज उत्तर चिलीत मोडणाऱ्या अटाकामा वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन या अभियंत्याने असा कारखाना उभारला. परिसरात सोऱ्याच्या खाणी होत्या, पाणी मात्र समुद्राच्या सुमारे चौपट खारे. लाकूड आणि काच यांच्या त्या टाक्यांनी सुमारे ४,७०० चौरस मीटर क्षेत्र व्यापले होते आणि त्यांतून दिवसाला जवळपास २३,००० लिटर पाणी मिळे. म्हणजे चौरस मीटरला पाच लिटरांच्या आत-बाहेर. सुमारे चार दशके हा कारखाना चालला. शतकानंतर गुजरातेत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने अशाच टाक्यांवर काम केले.

काचेवर वाफेचे पाणी होताना शोषलेली सगळी उष्णता परत मिळते, आणि साधी टाकी ती हवेत उधळून देते. खरी उणीव ही आहे. बहुटप्पी ऊर्ध्वपातनात याच उष्णतेने पुढच्या कप्प्यातले पाणी तापवतात, त्यामुळे तेच ऊन अनेकदा कामाला येते. व्युत्क्रमी परासरणात तर वाफ करावीच लागत नाही. पाणी दाबाने सूक्ष्म पटलातून काढतात आणि हजार लिटर समुद्रजलाला तीन-चार युनिट वीज पुरते. वाफेच्या वाटेने, उष्णता पुन्हा न वापरता, तेवढ्याच पाण्याला साडेसहाशे युनिटांहून अधिक उष्णता लागेल. ऊन फुकट आहे हे खरे. काच आणि जागा फुकट नाहीत. म्हणून शहरासाठी ही टाकी कामाची नाही. जिथे वीज नाही, पटल बदलून देणारा तंत्रज्ञ येत नाही आणि गरज हंड्याभराची आहे, अशा बेटावरच्या किंवा खारपट्ट्यातल्या घरासाठी ती आजही उपयोगी आहे. मात्र तळाशी साचणारे मीठ वेळच्या वेळी धुऊन काढावे लागते आणि काचेच्या सांध्यांवर लक्ष ठेवावे लागते.