‘भोगवटा’ : जुन्या इमारतींच्या संदर्भात एका संज्ञेचा विचार

प्रशासनाच्या मराठीत ‘भोगवटा’ ही संज्ञा दोन निरनिराळ्या अर्थांनी योजिली जाते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील ‘भोगवटादार’ म्हणजे जमीन धारण करण्याचा हक्क असलेली व्यक्ती. महानगरपालिकेच्या ‘भोगवटा प्रमाणपत्रा’त मात्र असा हक्क अभिप्रेत नसतो, वास्तू मंजूर नकाशाबरहुकूम बांधली असून वापरास योग्य आहे, एवढेच ते सांगते. पहिला अर्थ व्यक्तीविषयी, तर दुसरा वास्तूविषयी आहे. जुन्या इमारतींचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे या दोहोंची गल्लत होते.

मुंबईत या प्रमाणपत्राचा आधार १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३-ए हा होय. काम पुरे झाल्याची सूचना दिल्यानंतर परवानगी मिळेपर्यंत, किंवा नकार न कळविता २१ दिवस लोटेपर्यंत, वास्तूचा वापर करता येत नाही. इमारतीच्या एखाद्या भागापुरतेही प्रमाणपत्र मिळू शकते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तशी तरतूद होती. सुरक्षितता व आरोग्य यांची तजवीज आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र या तिच्या अटी होत्या. अशा प्रमाणपत्राचा अर्थ त्यात निर्दिष्ट केलेल्या भागापुरताच असतो. पहिल्या दोन मजल्यांसाठी दिलेला दाखला तिसऱ्या मजल्याविषयी काहीच सांगत नाही.

जुन्या चाळींत मागाहून घातलेले पोटमाळे किंवा गॅलरी बंद करून काढलेल्या खोल्या यांना असा दाखला बहुधा नसतो. तेथे निराळी कसोटी लागते. निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे आणि अनिवासी बांधकाम १ एप्रिल १९६२ पूर्वीचे असल्याचे सिद्ध झाल्यास महानगरपालिका ते ‘टॉलरेटेड’, म्हणजे सहन केलेले, मानते. येथेही शब्दार्थ काटेकोरपणे घ्यावयास हवा. सहन केलेले म्हणजे मंजूर केलेले नव्हे. त्याला पाडकामापासून अभय मिळते, परंतु ते नकाशाबरहुकूम असल्याचा निर्वाळा त्यातून मिळत नाही.

या भेदाचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. भाडेकरूचा हक्क १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमासारख्या कायद्यांतून येतो. भोगवटा प्रमाणपत्राने तो निर्माण होत नाही. उलट, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याने जीर्ण तुळई सुरक्षित ठरत नाही. कोण राहू शकतो आणि कोठे राहणे योग्य आहे, हे दोन प्रश्न एका शब्दाखाली झाकले गेले, तर हक्काचा कागद हाती असलेला रहिवासी धोक्याच्या छपराखाली निर्धास्त राहण्याचा संभव आहे. म्हणून दाखला वाचताना तो कोणत्या भागाचा, कोणत्या वापरासाठी व कोणत्या तारखेचा, हे प्रथम पाहणे अगत्याचे ठरते.