शिंगरासाठी चाऱ्याची निवड

दत्त जयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जाणकार ग्राहक प्रथम घोड्याचे पाय पाहतो. पाय वाकडे किंवा सांधे सुजलेले असतील तर चांगल्या जातीच्या जनावरालाही किंमत येत नाही. हे दोष काही वेळा आनुवंशिक असतात, परंतु पुष्कळदा त्यांचे मूळ पहिल्या दीड-दोन वर्षांतील चाऱ्यात व व्यायामात असते.

गाईला मानवणारी वैरण शिंगराला मानवेलच असे नाही. संकरित नेपियरचे उदाहरण घ्या. या गवतात ऑक्झॅलेटचे प्रमाण जास्त असते. गाईच्या कोठीपोटातील जिवाणू त्याचे बऱ्याच अंशी विघटन करतात. घोड्याला कोठीपोट नसते. त्यामुळे ऑक्झॅलेट आतड्यात कॅल्शियमशी बांधले जाते व चाऱ्यातील कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून काढून घेते. जनावर लंगडते, चेहऱ्याची हाडे फुगतात. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर व कॅल्शियम अगदी कमी असल्याने केवळ नेपियर आणि कोंडा असा आहार शिंगराला देऊ नये.

याउलट लसूणघासात कॅल्शियम व प्रथिने भरपूर असतात. सिंचनाची सोय असल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आर.एल. ८८ या वाणाची पेरणी करावी. पहिली कापणी सुमारे ५५ ते ६० दिवसांनी व पुढील कापण्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने मिळतात.

दूध तोडलेल्या, सुमारे १५० किलो वजनाच्या शिंगराला रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के, म्हणजे पावणेचार किलो शुष्क आहार लागतो. त्यासाठी पुढीलप्रमाणे आहार द्यावा :

१) हिरवा लसूणघास ६ किलो
२) वाळलेले चांगले गवत किंवा ओटची वैरण दीड ते दोन किलो
३) ओट, भरडलेला हरभरा व थोडी सोयाबीन पेंड यांचा खुराक १ किलो, दोन-तीन वेळा विभागून
४) पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण, तसेच मीठ व स्वच्छ पाणी

लवकर मोठे करण्याच्या हव्यासाने खुराक वाढवू नये. वजन झपाट्याने वाढते, पण कोवळी हाडे त्या वेगाने भक्कम होत नाहीत व सांधे सुजतात. बुरशी आलेली वैरण मुळीच घालू नये. तिच्यामुळे पोटशूळ होतो. चारा बदलताना तो आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

चांगल्या चाऱ्याला व्यायामाची जोड हवी. हाडावर भार पडला तरच ते घट्ट होते. म्हणून शिंगरू दिवसभर दावणीला न बांधता कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत रोज काही तास सोडावे. त्याला लहान वर्तुळात फार वेळ पळवू नये. पायांच्या वरच्या हाडांची वाढ दोन वर्षांनंतरही चालू असते, त्यामुळे स्वारीची घाई टाळावी.

दर महिन्याला सांधे हाताने चाचपून पाहावेत. सूज किंवा उष्णता जाणवल्यास खुराक कमी करून पशुवैद्यकास दाखवावे.