क्लाउडवरील आभासी नेटवर्कमधील सबनेटचे नियोजन : व्हीपीएन गेटवेच्या संदर्भात

प्रस्तावना :

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि तोपर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असणारी जिल्ह्यातील महाविद्यालये एका जिल्ह्यापुरत्या विद्यापीठाच्या कक्षेत आली. २०१९ मध्ये या विद्यापीठास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. या दोन दशकांत प्रवेश, शुल्क, अंतर्गत गुण, वेतनपत्रके आणि ग्रंथालयाच्या नोंदी वह्यांमधून संगणकावर आल्या. आता त्याच नोंदी कार्यालयातील सर्व्हरवरून क्लाउडवर जाऊ लागल्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेची भारतातील केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई या भागांत सुरू झाली, तर अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये कार्यान्वित झाले. म्हणजे सोलापूरच्या महाविद्यालयाची माहिती सुमारे अडीचशे किलोमीटरवर, पुण्यातही ठेवता येते.

ही माहिती सार्वजनिक इंटरनेटवर उघडी न ठेवता महाविद्यालय आणि क्लाउड यांच्यामध्ये कूटबद्ध बोगदा तयार करणे, हे व्हीपीएन गेटवेचे कार्य होय. व्हीपीएन हा शब्द महाविद्यालयांना नवा नाही. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत २००९ नंतर भारत संचार निगमच्या ५१२ केबीपीएस वेगाच्या व्हीपीएन ब्रॉडबँड जोडण्या महाविद्यालयांना मिळाल्या होत्या. त्या वेळी जोडणी तयार स्वरूपात येत असे आणि पत्त्यांच्या आखणीचा विचार महाविद्यालयाला फारसा करावा लागत नसे. क्लाउडच्या बाबतीत मात्र पत्त्यांचा पट्टा कोणता व केवढा, हा पहिल्याच पडद्यावरील प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकालाच द्यावे लागते. हे उत्तर मागाहून बदलणे किती कठीण असते, हे दाखवून त्याची योग्य रीत मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पत्ता आणि उपसर्ग :

आयपी पत्त्याची रचना समजून घेण्यास आपल्या पिनकोडसारखे दुसरे साधन नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या डाक खात्यातील मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे कवीही होते. पिनकोडमधील पहिला अंक ४ आला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगडकडे जाते. ४११ म्हणजे पुणे, ४१६ म्हणजे कोल्हापूर, तर ४१३ ने सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट यांच्याबरोबर लातूर आणि बारामतीही दर्शवली जाते. दूरच्या टपाल कार्यालयाला ४१३३०४ म्हणजे पंढरपूर हे ठाऊक असण्याची गरज नसते. पहिले तीन अंक पाहून थैली योग्य गाडीत टाकली की त्याचे काम संपते.

राउटरही नेमके हेच करतो. आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो व त्यातील सुरुवातीच्या किती बिटा ‘मुलूख’ दर्शवतात, ते तिरकस रेषेनंतरच्या आकड्याने सांगितले जाते. १०.४१.०.०/१६ या पट्ट्यात पहिल्या १६ बिटा स्थिर असून उरलेल्या १६ बिटांमुळे ६५,५३६ पत्ते मिळतात. /२४ मध्ये २५६, /२७ मध्ये ३२ पत्ते असतात. आकडा वाढला की पट्टा लहान होतो, या उलट्या प्रमाणाचा विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही प्रथम गोंधळ होतो. पिनकोडशी असलेले साम्य येथे थोडे सुटते, कारण पिनकोडच्या सीमा ठरावीक अंकांवरच पडतात, तर येथे सीमा कोणत्याही बिटावर घालता येते. सप्टेंबर १९९३ मध्ये ही वर्गविरहित पद्धत प्रसिद्ध झाली. तरीसुद्धा अ, ब, क वर्गांच्या पत्त्यांची कोष्टके पाठ करून घेण्याची प्रथा वर्गखोल्यांतून गेलेली नाही. इतिहास म्हणून ती कोष्टके ठीक आहेत, पण नियोजनाला त्यांचा उपयोग नाही.

पट्ट्याची सुरुवात त्याच्या आकाराच्या पटीतच व्हावी लागते, ही अट पुढील उदाहरणात महत्त्वाची आहे. /२० चा पट्टा तिसऱ्या अंशात १६ घरे व्यापतो, म्हणून तो ०, १६, ३२, ४८ अशा स्थानीच सुरू होतो. २० पासून सुरू होणारा /२० पट्टा असू शकत नाही.

एकच पत्ता दोन ठिकाणी :

खाजगी वापरासाठी फेब्रुवारी १९९६ च्या प्रसिद्ध दस्तऐवजाने तीन पट्टे राखून ठेवले आहेत : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. हे पत्ते कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता वापरू शकतो. त्यांची सोय यातच आहे आणि सर्व अडचणीही यातूनच उद्भवतात. घरोघरीचे राउटर १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० या पट्ट्यातील पत्ते वाटतात. अझूरचा अर्ज भरताना १०.०.०.०/१६ हा पट्टा आपोआप पुढे येतो. अ‍ॅमेझॉनचे आयते नेटवर्क १७२.३१.०.०/१६ असते. डॉकर ही प्रणाली बसवली की ती स्वतःसाठी १७२.१७.०.०/१६ घेते. जे समोर आले ते स्वीकारत गेल्यास दोन परस्परांशी अनोळखी संस्थांनी एकच पट्टा घेतलेला असण्याची शक्यता मोठी असते.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो? समजा, महाविद्यालयाच्या गुणनोंदींचा सर्व्हर १९२.१६८.१.१० या पत्त्यावर आहे. पंढरपुरात घरी बसलेल्या प्राध्यापकाने व्हीपीएन जोडले. जोडणी झाल्याचा संदेश आला, तरी गुणांचे पान उघडत नाही. कारण त्यांच्या घरातील नेटवर्कही १९२.१६८.१.० हेच आहे. १९२.१६८.१.१० हा पत्ता संगणकाला शेजारच्या खोलीतील वाटतो. तो माहितीचे पाकीट बोगद्यात पाठवतच नाही, घरातच त्या पत्त्याचा शोध घेतो. गुण भरण्याच्या अंतिम दिवशी हे घडले की पासवर्ड बदलला जातो, मग सॉफ्टवेअर पुन्हा बसवले जाते आणि शेवटी इंटरनेट पुरवठादाराला दोष दिला जातो. दोष मात्र दोन वर्षांपूर्वी निवडलेल्या पत्त्यात असतो.

दोन संकुलांमध्ये पट्टे एकमेकांवर आल्यास हीच स्थिती ओढवते. क्लाउडमधील आभासी नेटवर्कचा पट्टा आणि महाविद्यालयाचा पट्टा सारखा असेल, तर क्लाउडमधील सर्व्हरचे उत्तर क्लाउडमध्येच फिरते. पत्त्यांचे रूपांतर करून यातून मार्ग काढता येतो व गेटवेच्या काही वरच्या श्रेणींमध्ये तशी सोय आहे. परंतु त्यासाठी अधिक भाडे पडते, आणि दोष शोधताना प्रत्येक पत्त्याची दोन नावे ध्यानात ठेवावी लागतात. सुरुवातीच्या एका तासाच्या विचाराने जे टळते, त्यासाठी दरमहा पैसे देणे सयुक्तिक वाटत नाही.

गेटवेचे स्वतंत्र सबनेट :

अझूरमध्ये व्हीपीएन गेटवे ही एकच वस्तू दिसत असली, तरी तिच्यामागे दोन किंवा अधिक आभासी संगणक असतात व त्यांना राहण्यासाठी स्वतंत्र सबनेट द्यावे लागते. या सबनेटचे नाव ‘गेटवेसबनेट’ असेच, इंग्रजीत, अक्षरशः ठेवावे लागते. नाव बदलले तर प्रणाली ते ओळखत नाही. त्यात दुसरा कोणताही सर्व्हर ठेवू नये आणि त्यावर नेटवर्क सुरक्षा गटही लावू नये. सुरक्षेच्या उत्साहात सर्वच सबनेटना असा गट लावला जातो आणि गेटवेचे कार्य बिघडते.

त्याचा आकार किती असावा? प्रत्येक सबनेटमधील पाच पत्ते अझूर स्वतःकडे राखते : पहिले चार आणि शेवटचा. त्यामुळे /२९ मध्ये आठपैकी तीन, /२७ मध्ये २७ आणि /२६ मध्ये ५९ पत्ते वापरता येतात. अगदी प्राथमिक श्रेणीला /२९ पुरतो, तथापि मायक्रोसॉफ्टची शिफारस /२७ किंवा त्याहून मोठ्या सबनेटची आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते सरळ /२६ घ्यावा. खाजगी पत्त्यांना मोल पडत नाही. त्यांत काटकसर करून काहीही वाचत नाही, आणि पुढे दुसरा गेटवे किंवा समर्पित वाहिनी आल्यास सामान्यतः चालू गेटवे काढूनच सबनेट वाढवावे लागते. नवा गेटवे उभा राहण्यास पाऊण तास किंवा अधिक वेळ लागतो व तेवढा काळ सर्व शाखा तुटलेल्या असतात.

अ‍ॅमेझॉनची रीत निराळी आहे. तेथील आभासी खाजगी गेटवे संपूर्ण नेटवर्कला जोडला जातो, त्याला स्वतंत्र सबनेट लागत नाही. मात्र घरून जोडल्या जाणाऱ्या प्राध्यापकांसाठीची सेवा घेतल्यास तिच्याशी संलग्न सबनेट किमान /२७ चे लागते आणि ग्राहकांना द्यावयाचा पट्टा /२२ हून लहान चालत नाही. हा पट्टाही एकदा ठरला की बदलता येत नाही. पाच पत्ते राखण्याचा नियम तेथेही आहे.

एक नमुना आराखडा :

सोलापूर, बार्शी आणि पंढरपूर येथे महाविद्यालये असणारी एक शिक्षणसंस्था कल्पू. तिने १०.४१.०.०/१६ हा एकच पट्टा स्वतःचा मानावा आणि त्याचे दोन समान भाग करावेत. १०.४१.०.०/१७ हा अर्धा भाग जमिनीवरील संकुलांचा, तर १०.४१.१२८.०/१७ हा क्लाउडचा. संकुलांना /२० चे पट्टे द्यावेत : सोलापूरला १०.४१.०.०, बार्शीला १०.४१.१६.० आणि पंढरपूरला १०.४१.३२.०. प्रत्येकी ४,०९६ पत्ते झाले. ४८ पासून पुढील जागा उद्याच्या शाखांसाठी रिकामी राहते.

क्लाउडमधील पहिले आभासी नेटवर्क १०.४१.१२८.०/२० असावे. त्यात संकेतस्थळ व अर्जांच्या सर्व्हरसाठी १०.४१.१२८.०/२४, गुण व वेतनाच्या विदासंचासाठी १०.४१.१२९.०/२४ आणि देखभालीसाठी १०.४१.१३०.०/२६ अशी सबनेट करावीत. गेटवेचे सबनेट पट्ट्याच्या अगदी शेवटी, १०.४१.१४३.१९२/२६ येथे ठेवावे, म्हणजे मधली जागा सलग मोकळी राहते. गुणांचा विदासंच संकेतस्थळाच्या सबनेटमध्ये ठेवण्याचा मोह होतो, कारण तसे केल्यास सर्व काही लगेच चालते. पण मग संकेतस्थळात शिरलेल्याला विद्यार्थ्यांच्या गुणांपर्यंत पोहोचण्यास मध्ये कोणतेही दार राहत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर ही बाब केवळ तांत्रिक राहिलेली नाही.

घरून येणाऱ्या प्राध्यापकांसाठी १०.४१.१९२.०/२२ हा पट्टा द्यावा. अझूरमध्ये तो आभासी नेटवर्कच्या पट्ट्याबाहेर असावा लागतो, तो तसा आहे. तसेच तो क्लाउडच्या अर्ध्या भागातच असल्याने प्रत्येक संकुलाच्या राउटरवर ‘१०.४१.१२८.०/१७ बोगद्याकडे’ ही एकच ओळ पुरते. उद्या चाचणीसाठी १०.४१.१४४.०/२० हे दुसरे नेटवर्क आले, तरी शाखांच्या राउटरना हात लावावा लागत नाही. थैलीवर ४१३ पाहून गाडी ठरवण्यासारखेच हे आहे.

एक अडचण मात्र पट्ट्यांच्या आखणीने सुटत नाही. संकुलाचा बोगदा स्थिर ठेवण्यासाठी तेथे सार्वजनिक व शक्यतो न बदलणारा आयपी पत्ता असावा. अनेक मोबाइल आणि काही फायबर जोडण्यांवर पुरवठादार १००.६४.०.०/१० या सामायिक पट्ट्यातील पत्ता देतात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखला गेला. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी सुरुवात दिसली तर स्थिर पत्त्यासाठी लेखी अर्ज करावा लागेल, आणि तालुक्याच्या ठिकाणी त्यास लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा.

जुन्या संकुलांतील १९२.१६८.१.० चे संगणक नव्या पत्त्यांवर नेण्याचे काम प्रवेश व परीक्षा यांच्या मधल्या काळात, किंवा दिवाळीच्या सुटीत हाती घ्यावे. प्रथम छपाईयंत्रे व हजेरीयंत्रे तपासावीत, कारण त्यांत पत्ते हाताने भरलेले असतात आणि ते कोणी भरले हे सहसा कोणाला आठवत नाही. पत्त्यांची नोंदवही कार्यालयीन अभिलेखात ठेवावी. ज्या प्राध्यापकाने आराखडा केला, त्याची बदली झाल्यावर ती त्याच्याच लॅपटॉपमध्ये राहिलेली असू नये. कार्यान्वित करण्यापूर्वीची चाचणी तिन्ही संकुलांतून आणि अखेरीस ज्या घरातील राउटर १९२.१६८.१.० वापरतो अशा एखाद्या घरून, गुण भरण्याच्या पानावर प्रत्यक्ष जाऊन करावी.