आधी पायावर, मग पॉटीवर

इथं चकलांब्यात आपल्या आज्या काय करायच्या? पाय लांब करून बसायच्या, लेकराला पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ करायच्या. आम्ही तेच सांगतो. फक्त शी-शू धरून ठेवणं साधारण दीड-दोन वर्षांनंतर जमू लागतं. त्याआधी रागावून उपयोग नाही. संडासाच्या भांड्यात पडायची लेकराला भीती वाटते, मग आपण अंगणात बसवतो. ‘लहानाची शी, तिला काय होतंय?’ होतं की! तिच्यातही जंतू असतात. ती संडासातच टाकायची, हात साबणाने धुवायचे.

दिवाळीच्या सुमारास गेवराईकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. कोपीपाशी बहुधा संडास नसतो, लागलेली सवय मोडते. तेव्हा सामानात छोटी पॉटी घ्या. रोज तीच जागा, तीच वेळ. शी खड्ड्यात टाकून वर माती लोटा.